भाताच्या शितांनी चिकटवलेला आवाज

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, मित्रांनो. अगदी परवापरवापर्यंत मुलुंडच्या एका फ्लॅटमध्ये दाराशी असायचो आणि माझ्यावर बसून माणसे चपला घालायची. माझ्यावर फोमची गादी होती, गादीला फुलाफुलांचा अभ्रा होता. त्यामुळे मी कोण आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळत नसे. कळू नये म्हणूनच ती व्यवस्था होती.

माझा जन्म घाटकोपरचा. तिथे कमल नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. चहाच्या खोक्याचे प्लायवूड, रिक्षाच्या सीटचे उरलेले काळे रेक्झिन आणि एका बंद पडलेल्या थिएटरातला बारा इंची स्पीकर, एवढ्यात त्याने मला उभा केला. शेवटी मागच्या फळीवर लाल रंगाने लिहिले, ‘उघडल्यास जबाबदारी नाही’. कोणाची नाही, हे लिहायला फळीवर जागा उरली नव्हती. पुढे माझे सगळे आयुष्य याच प्रश्नावर गेले.

मला बनवून घेतले दादूंनी. दादू पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून गल्लोगल्लीचे पाणी सोडायचे. उरलेल्या वेळात गायचे. भीमजयंतीला वस्तीच्या मंडपात त्यांची गायनपार्टी असे आणि गाणी ते स्वतःच लिहीत. त्यातले एक सगळ्यांना पाठ होते:

चावी माझ्या हाती रं, पाणी कुणाच्या माठी?

‘माठी’वर त्यांचा आवाज असा चढायचा की पलीकडच्या इमारतीत लोक नळ उघडून बघायचे. कमल म्हणायचा, “दादूंना ॲम्पची गरज नाही. मागच्या रांगेला आहे.” कार्यक्रम झाला की दादू मला ओल्या फडक्याने पुसत, मग कोरड्याने पुसत आणि गोधडीत गुंडाळून ठेवत. मित्रांनो, वस्तूच्या आयुष्यात याहून मोठा मान नसतो.

दादूंचा मुलगा सम्यक कॉलेजात गेला आणि एक जुनी गिटार घेऊन आला. त्याचा मित्र देवेश शेजारच्या चाळीत राहायचा. तो रंगाचे डबे बडवायचा. दोघांच्या हाती कुठूनशा परदेशी पंक रॉकच्या कॅसेट लागल्या होत्या. त्या संगीतात तीन सुरांत सगळे भांडण उरकून टाकतात.

“बाबा, यात गाता यायला लागत नाही,” सम्यक समजावून सांगायचा. “राग यायला लागतो.”

“मग पाणीखात्यात लाग,” दादू म्हणायचे.

ही गोष्ट दोन हजार एक सालची. जयंतीच्या आदल्या दिवशी सम्यक मंडपाच्या कामाला गेला होता. देवेश मला न्यायला आला आणि घरात कोणी नाही असे बघून त्याला कुतूहल झाले. या डब्यात एवढा दम येतो कुठून? फळीवरचे लाल अक्षर त्याने वाचले. वाचता येत असूनही स्क्रू काढले. आत वाकून बघताना हातातला स्क्रूड्रायव्हर सटकला आणि माझ्या स्पीकरच्या कागदी पडद्यातून आरपार गेला. चार बोटे फाटलो मी.

आता इथे दुसरा कोणी असता तर रडला असता किंवा कमलकडे धावला असता. देवेश चाळीतला नावाजलेला पतंगदुरुस्तीवाला होता. तो घरी गेला, संक्रांतीतला उरलेला गुलाबी पतंग काढला आणि चुलीपाशी आईला म्हणाला, “आये, थोडी शितां दी.”

“मेल्या, आता कसले पतंग? एप्रिल चललो!” शेवंतीकाकी म्हणाल्या आणि चमचाभर गरम भात त्याच्या तळहातावर टेकवला.

शिते चुरडून, गुलाबी तुकडा लावून, फुंकर घालून त्याने मला इतके सुबक चिकटवले की मलाच बरे वाटले. मग त्याने स्क्रू परत बसवले. पतंग असा चिकटवला तर दुसऱ्या दिवशी उडतो. पण पतंगाला गाणे म्हणावे लागत नाही, हे त्याच्या लक्षात आले नाही.

जयंतीला दादूंनी हळू आवाजात ‘हॅलो, हॅलो’ केले. मी ठीक होतो. पहिले कडवे ठीक गेले. मग ‘माठी’ आली, आवाज चढला आणि माझ्यातून निघाले, फर्रर्र.

दादू थांबले. घोटभर पाणी प्यायले. पुन्हा ‘माठी’. पुन्हा फर्रर्र.

पुढच्या रांगेतून विद्याधर ओरडला, “दादू, घसा फाटला वाटतं! आता पोरांना द्या माइक!” हा विद्याधर कॅरम क्लबचा सेक्रेटरी. मनाने वाईट नव्हता, पण बोलायला कायम पुढच्या रांगेत. मंडप हसला. दादूही हसले. त्या आठवड्यात त्यांना खोकला होता. त्यांनी आपल्या गळ्याला हात लावला. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. कमलने केलेली वस्तू चुकेल, हे त्यांच्या मनातच आले नाही. पुढच्या गायकाचा आवाज बेताचा होता, तो माझ्यातून सरळ गेला. दादूंची खात्री पटली.

देवेश माझ्या मागे वायर धरून उभा होता. उद्या सांगू, असे त्याने ठरवले. मीही तेच ठरवले, मित्रांनो. मला तोंड होते, चांगले बारा इंची. पण जे आत घालतील तेच बाहेर काढायचे, असा माझा स्वभाव. या स्वभावाला लोक प्रामाणिकपणा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सम्यकने मला गिटार जोडली आणि आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले. त्या तीन सुरांखाली कागद थरथरायला लागला. जणू कोणी दात-ओठ खात बोलत होते.

“देव्या!” सम्यकने त्याला मिठीच मारली. “ऐकलंस? कॅसेटवाल्यांच्या बापाला असा टोन जमणार नाही! कमलने आत काय घालून ठेवलंय रे?”

देवेशने सांगायला तोंड उघडले. बाहेर आले, “झकास.”

आणि खरे सांगतो, मला आवडले. दोन वर्षे आम्ही कॉलेजांच्या कार्यक्रमांत वाजलो. दादूंचेच गाणे चौपट वेगाने वाजवायचो आणि ‘माठी’वर मी फर्रर्र करायचो. पोरे उड्या मारायची. त्याच वेळी घरी दादू गालात ज्येष्ठमधाची काडी धरून बसलेले असत. माझ्या जखमेला टाळ्या पडत होत्या आणि आळ त्यांच्या घशावर होता. हे मला कळत होते. तरी मी वाजत होतो.

पुढे सगळ्या बँडचे होते तेच झाले. नोकऱ्या लागल्या. “तो डबा काढून टाका,” दादू एकदा म्हणाले. “मी भंगारात देतो,” देवेश लगेच म्हणाला. दिला नाही, दिला असे सांगितले. पुरावा नष्ट करायला त्याचा हात होईना आणि जवळ ठेवायला धीर होईना, म्हणून पुढे त्याच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये माझे बाकडे झाले. मला वरून रंगाचे दोन हात बसले. झुरळांनी माझ्या वायरी खाल्ल्या आणि मी मुका झालो. शितांना मात्र त्यांनी तोंड लावले नाही. त्यांनाही काही लाज असेल.

देवेश विम्याच्या कंपनीत लागला. तिथे तो लोकांना विचारतो, “नुकसान नेमकं कसं झालं? आणि त्याच दिवशी का नाही कळवलं?” चांगला पगार आहे.

या वर्षी सम्यकच्या डोक्यात एक कल्पना आली. तो पवईला मोठ्या कंपनीत आहे. दादूंच्या पंच्याहत्तरीला वस्तीच्या हॉलमध्ये ते गाणे वाजवायचे आणि आवाज हुबेहूब तोच हवा. त्याने लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घेतले. त्यात जगातले सगळे नामांकित ॲम्प चित्रांसकट असतात. माऊसने बटणे फिरवायची, स्पीकर बदलायचा, माइक हवा तिथे सरकवायचा. रविवार-रविवार तो मुलुंडला यायचा. आला की माझ्यावर बसून बूट काढायचा. त्या वेळी देवेश दुसरीकडे बघायचा.

चार रविवार हे चालले. जुन्या कॅसेटचा आवाज एका बाजूला, लॅपटॉपचा दुसऱ्या बाजूला.

“गेन बरोबर आहे. बेस बरोबर. खोकासुद्धा प्लायवूडचा घेतला,” सम्यक म्हणाला. “नव्व्याण्णव टक्के आलाय यार. फक्त ते फर्रर्र येत नाही.”

फाटका स्पीकर असाही एक पर्याय त्यात होता. त्यांनी तो लावून पाहिला. पण तो विलायती फाटका होता, फार व्यवस्थित फाटलेला.

देवेशची बायको जान्हवी चहा घेऊन आली. “काय रे हे? मिक्सर बिघडल्यासारखं वाजतंय.”

“वहिनी, अजून जरा बिघडायला हवाय,” सम्यक हसला. मग कपाकडे बघत म्हणाला, “परवा बाबांना विचारलं, तुम्ही गाता का त्या दिवशी? तर म्हणाले, ‘त्या वर्षी माझा घसा गेला आणि त्याच वर्षी तुमच्या डब्याला कंठ फुटला. बरं झालं. घरातला आवाज घरातच राहिला.’”

देवेशने चहा खाली ठेवला. उठला, कपाटातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि दाराशी येऊन माझी गादी उचलली.

“हा... हा तर तू भंगारात दिला होतास,” सम्यक म्हणाला.

“नाही दिला.”

“मी चार रविवार यावर बसून बूट काढतोय, देव्या!”

देवेशने फळी उघडली. मोबाइलच्या उजेडात गुलाबी कागद दिसला. गुलाबी कसला, कांद्याच्या सालीसारखा झाला होता. बाजूला शिते, दगडासारखी. “हे तुझं फर्रर्र,” तो म्हणाला. “मी फाडला. जयंतीच्या आदल्या दिवशी. काकांचा घसा ठीक होता.”

सम्यकने गुडघ्यांवर बसून माझ्यात डोके घातले. माझ्यात इतके बघण्यासारखे काही नाही. मग त्याने लॅपटॉप मिटला.

“मला काय सांगतोस?” तो बूट घालत म्हणाला. या वेळी उभ्यानेच. “त्यांना सांग.”

दुसऱ्याच दिवशी देवेशने कामावर रजा टाकली आणि मला रिक्षात घालून घाटकोपरला दादूंकडे नेले. रिक्षाची सीट काळ्या रेक्झिनची होती. तेवढेच माहेर.

“जयभीम, काका.”

“ये रे, देवेश. अरे, हा डबा जिवंत आहे होय?”

देवेशने सगळे सांगितले. कधी, कुठे, कशाने, अगदी दाव्याच्या अर्जात भरतात तसे. दादूंनी चष्मा चढवला, वाकून त्या कागदावरून बोट फिरवले.

“काम साफ आहे तुझं,” ते म्हणाले. “पतंग चांगले चिकटवायचास.”

मग टेबलावरच्या बरणीकडे पाहिले. “चोवीस वर्षं ज्येष्ठमध चघळतोय रे मी.”

ते सरळ बसले आणि गायले. माझ्याशिवाय, माइकशिवाय. “चावी माझ्या हाती रं...” ‘माठी’ आली, आवाज चढू लागला आणि मध्येच चिरला. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा चिरला.

“आता मात्र खरंच फाटलाय,” दादू शांतपणे म्हणाले. “याला कुठला कागद लावतोस?”

देवेशला रडू आवरेना. “काका, मी काय करू सांगा.”

“मला खोलीत सांगून काय उपयोग? मला ‘पोरांना द्या माइक’ म्हणाले ते सगळ्या मंडपाला ऐकू येईल असं म्हणाले. तू पण माइकवर सांग.”

पंच्याहत्तरीला हॉल भरला होता. विद्याधर पुढच्या रांगेत होता, आता हातात काठी. देवेश माइकपुढे उभा राहिला, शेजारी मला ठेवले, फळी काढून. विम्याच्या माणसाला एवढे अडखळताना मी पाहिले नव्हते. सांगून झाले तेव्हा कोणी हसले नाही. विद्याधर काठी टेकत उठला आणि म्हणाला, “दादू, मी पण बोललो होतो रे तेव्हा.” दादूंनी त्याला हाताने बसायची खूण केली.

मग पोरांचे गाणे झाले, नव्व्याण्णव टक्क्यांचे. उरलेला एक टक्का सम्यकने शोधला नाही. ‘माठी’ आली तेव्हा त्याने गिटार थांबवली. तेवढी ओळ दादूंनी म्हटली, चिरक्या आवाजात, पूर्ण.

मित्रांनो, वस्तू पुसून ठेवा, गोधडीत ठेवा, हे तुम्हाला सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या हातून काही मोडले तर त्याच दिवशी सांगा. भात गरम असतो तोवर सांगा. मोडलेले लपवले की ते गप्प राहत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात बोलते आणि मार त्याला बसतो.

आता मी दादूंच्या घरी असतो. ते माझ्यावर बसत नाहीत. आधी ओल्या फडक्याने पुसतात, मग कोरड्याने. पूर्वी हे मला फार आवडायचे. आता ते फडके घेऊन आले की कुठे तोंड लपवावे ते कळत नाही. पुसून झाले की ते माझ्यावर बरणी ठेवतात, ज्येष्ठमधाची. घसा ठीक होता हे आता त्यांना माहीत आहे. पण काडी लागते. सवय झाली.