बाद झालेल्या पट्ट्या

सलूनमध्ये केस कापणाऱ्याच्या हातावर खवले असतील, तर त्याच्यापुढे मान कोण देणार? सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, अशी पाटी लावली तरी लोक पाटी वाचतात आणि शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसतात. ताईच्या धाकट्या भावाला गल्लीनं नावच ठेवलं होतं, खवल्या. तोही बिलंदर. "गिऱ्हाइकाच्या खांद्यावरचा कोंडा त्याचा की माझा, यावर पैज लावतो आम्ही," म्हणायचा. पण सलूनच्या मालकानं हातातली कात्री काढून झाडू दिला, त्या दिवशी तो जेवला नाही.

ताई औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिच्या लाइनवर फ्युमॅरिक आम्लापासून केलेल्या गोळ्या यायच्या, सोरायसिसच्याच. शेजारी त्याच कुळातल्या अझेलेइक आम्लाचं मलम ट्यूबमध्ये भरायचे, मुरुमांवरचं. भावाचं औषध दिवसभर बहिणीच्या बोटांखालून जायचं आणि दुकानातून त्याची एक पेटी आणायची घराची ऐपत नव्हती.

पट्टीवर तारीख पुसट उठली की पट्टी बाद. गोळी चांगली, छपाई वाईट. असा माल जाळायला जायचा. चांगलं औषध जाळायचं आणि माणसाला खाजवत बसवायचं, याला शिस्त म्हणतात. ताईनं शिस्त मोडली. आधी तिनं प्रयोगशाळेतल्या केमिस्टला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

"साहेब, हे आम्ल पोटात गेलं तर?"

"अहो, हे तर आपल्या शरीरातसुद्धा तयार होतं."

तिला तेवढं पुरलं. घरचंच माणूस घराचं काय वाकडं करणार? जेवणाच्या डब्याच्या तळाशी घालून ती पट्ट्या आणू लागली.

सुरुवातीला गोळी घेतली की त्याचं तोंड लालबुंद व्हायचं. "लाजतोय गं मी," तो म्हणायचा. मग कोपर साफ झालं, मग बोटं. वर्षाच्या आत मालकानं कात्री परत दिली. आईनं त्याचे हात गालाला लावून पाहिले.

मग खोकला आला. तापानं फणफणून तो इस्पितळात गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठलं औषध चालू होतं?"

ताई म्हणाली, "काही नाही."

नोकरी जाईल, पोलीस येतील, घर कोण चालवेल, हे सगळं त्या दोन शब्दांत होतं. भावानं तिच्याकडे पाहिलं आणि तोही गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला श्वास पुरेना, तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठून खरं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. "या गोळ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, मग साधा संसर्गही आवरत नाही. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं असतं. पेटीतल्या कागदावर लिहिलंय सगळं."

तो कागद ताई नऊ वर्षं पेटीत घालत होती. घडी नीट आहे का, एवढंच बघायचा तिला पगार होता. मुंगीएवढ्या अक्षरात जीवन-मरण छापणारे आणि बाईला वाचायची उसंत न देणारे सुटले. पण खोटं तिचं स्वतःचं होतं. त्या तीन दिवसांचा दोष तिला दुसऱ्या कुणावर ढकलता येईना.

उपचार बदलले. फुप्फुसं तोवर भरली होती. पाचव्या दिवशी सकाळी तो गेला.

आई स्टुलावर बसून त्याच्या हातावरून हात फिरवत होती. "बघ, एक खवला नाही. देवमाणूस म्हणायचा कारखान्यातला तुझा साहेब, फुकट गोळ्या दिल्या त्यानं."

"साहेबानं नाही दिल्या, आई. मी चोरून आणल्या. रक्त तपासायचं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. आणि डॉक्टरीणबाईंशी तीन दिवस खोटं बोलले."

आईचा हात थांबला. मग ती उठली, स्टूल उचललं आणि पलंगाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवलं. तिथं बसून तिनं लेकाचा दुसरा हात हातात घेतला.

ताई अलीकडे उभीच राहिली.