तळ्यावरचा शेवटचा शुक्रवार

मी गळाची काठी बोलतेय. शेंडा मोडलाय माझा, ठाऊक आहे मला. पण कीव करू नका. मोडण्याआधी मी काय केलं ते ऐका.

मी फायबरची. माझ्यासारख्याच पुष्कळ जणींबरोबर खोक्यातून आखातात, अल ऐनच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टवर आले. तिथे डोंगराच्या पायथ्याशी तळं बांधलं होतं. त्यात बोअरवेलचं पाणी भरायचे आणि दर डिसेंबरात परदेशातून ट्राउट मासे आणून सोडायचे. ट्राउट म्हणजे थंड, गोड्या पाण्यातला मासा. वाळवंटात त्याचं आयुष्य हिवाळ्यापुरतंच. मार्चअखेर पाणी तापलं की उरलेले मासे उलटे होऊन तरंगायचे आणि लियाकत माळी ते खजुराच्या मुळाशी पुरायचा.

माझी देखभाल एडविनकडे होती. एडविन वसईचा. पाहुण्यांना काठ्या द्यायच्या, गळाला आमिष लावायचं, गुंतलेली दोरी सोडवायची, हे त्याचं काम. पाहुणे मोठे हौशी! मासा लागला की किंचाळायचे, फोटो काढायचे, आणि मासा हातात धरायची वेळ आली की एडविनला हाका मारायचे. तो मासळीवर वाढलेला माणूस, पण त्याने स्वतःसाठी मला कधी पाण्यावर धरलं नाही. स्टाफने तळ्यात गळ टाकायचा नाही, असा नियम होता. मला तो नियम पहिल्या दिवसापासून पटला नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

२००१ साली ऊन लवकर तापलं. हंगामाचा शेवटचा शुक्रवार होता. एडविनची बायको सुझी, मुलगी जेनेलला घेऊन अबूधाबीहून त्याला भेटायला आली होती. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता; त्यात शुक्रवारी मांस चालत नाही, मासा चालतो. त्यामुळे डब्यात मटण-चिकन नव्हतं. तळ्यावर पाहुणा एकही नाही, आणि मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते.

“पपा, दे आर डाइंग!” जेनेल म्हणाली.

एडविन तडक मॅनेजरकडे गेला. सुजीत सर पुण्याचे. माणूस वाईट नाही, पण नियमाला चिकटलेला.

“सर, दोन दिवसांत सगळे मरतील. स्टाफला पकडू द्या. मेसमध्ये सगळ्यांचं जेवण होईल.”

“पॉलिसी इज पॉलिसी, एडविन. आज मासा मागाल, उद्या स्विमिंग पूल.”

एडविन परत आला आणि त्याने मला उचललं. लपूनछपून नाही. युनिफॉर्म घालून, भर दुपारी, पाहुण्यांच्या लाकडी धक्क्यावर जाऊन उभा राहिला. सुझीने त्याची बाही ओढली.

“वेड लागलंय का तुला? जॉब गेला तर आपल्या तिघांचा व्हिसा जाईल. जेनेलच्या शाळेचं काय?”

“दर वर्षी मेलेले मासे मीच गोळा करून देतो, सुझी. ह्या वर्षी नाही देणार.”

तापल्या पाण्यात ट्राउट आमिषाला तोंड लावत नाही. एडविनने गळ बोअरच्या पाइपाशी टाकला, कारण तिथलं पाणी जरा गार होतं. बराच वेळ काही नाही. मग हिसका बसला! इतक्या हंगामांत शेकडो मासे ओढले असतील मी, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

“यल्ला, एडविनभाई, खींचो!” लियाकत फावडं टाकून धावला.

सुजीत सरही धावत आले आणि मला हिसकावून घेऊ लागले. ‘मोडेन पण वाकणार नाही’ अशी माणसांची बढाई असते. मी तर वाकण्यासाठीच जन्मले. पार वाकले, पण मासा सोडला नाही. ह्या ओढाताणीत मी फळ्यांवर आपटले आणि सरांचा बूट माझ्या शेंड्यावर पडला. कट्कन मोडले.

एडविनने हाताने दोरी ओढून मासा वर घेतला आणि लियाकतला दिला.

“सॉरी म्हण,” सर धापा टाकत म्हणाले. “मी विसरून जातो. खलास.”

त्यांना खरोखरच विसरायचं होतं, हे मला दिसत होतं. सुझी एडविनकडे बघत होती.

“सॉरी कशाबद्दल, सर?” एडविन म्हणाला. “मातीत जाणारा मासा माणसाच्या पोटात जाईल म्हणून?”

नोकरी गेली. पाठोपाठ व्हिसाही रद्द झाला.

आत्ता मी अबूधाबी विमानतळाच्या काउंटरवर आडवी पडलेय. जेनेल मैत्रिणींच्या आठवणीने रडून दमलीय. एडविन मान खाली घालून उभा आहे. महिनाभर सुझी त्याच्याशी धड बोललेली नाही.

“मॅडम, ये तो टूटा हुआ है. फेंक दो,” काउंटरवरचा माणूस म्हणतोय.

सुझीने मला घट्ट धरलंय. “फेंकेगा नहीं. मेरे आदमी के आखरी पगार से इसका पैसा काटा है. हमारा है ये.” मग ती एडविनकडे वळली. “आणि तू मान वर कर आधी.”

त्याने मान वर केली.

बरं, येते मी. वसईला खाडी आहे, आणि तिथे गळ टाकायला कुणाची परवानगी लागत नाही.