वरची दाढ

मी दाढ बोलतेय. वरच्या जबड्यातली, उजव्या बाजूची. दुधाचे दात पडायला लागतात त्या वयात मी आले, आणि आले ती कायमची. माझ्यानंतर त्या जागी दुसरं कोणी येणार नव्हतं. हे माझ्या मालकाला कोणी सांगितलंच नाही.

मालक रफूगार. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढून तो भोक असं बुजवायचा, की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारायचं, "फाटला होता कुठे?"

"तुम्हाला आठवत नाही, तर मलाही नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

असल्या कामात सगळी मदार डोळ्यांवर. डोळ्यांना तो फार जपायचा. मला मात्र दोऱ्याची गाठ सुटेना की कामाला लावायचा. रात्री चूळ भरायचाही त्याला कंटाळा.

माझ्यात खड्डा पडला तेव्हा मी आधी हळूच सांगितलं. गार पाण्याने कळ यायची. तो डाव्या बाजूने पाणी प्यायला लागला. मग मी मोठ्याने सांगितलं. त्याने लवंग धरली. शेवटी बायकोने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नस अजून जिवंत आहे. आतून साफ करून भरते, दाढ वाचेल. उशीर केलात तर मात्र काढावी लागेल."

मालकाने त्यातलं 'काढावी' एवढंच ऐकलं. "विचार करून सांगतो," म्हणाला.

मला वाटायचं, माणसं असं काही दवाखान्याच्या खुर्चीत ठरवतात. तिथे ती नुसती मान हलवतात. ठरलं ते दुकानाच्या पायरीवर.

"वरची का खालची?" शेजारच्या इस्त्रीवाल्याने विचारलं.

"वरची."

"मग हात लावू देऊ नकोस बाबा. वरच्या दाढेची शीर थेट डोळ्याला जाते. माझ्या मामाने काढली, वर्षाच्या आत आंधळा."

"मामा किती वर्षांचे होते, भावजी?" मालकाच्या बायकोने आतून विचारलं.

"असतील ऐंशी-पंच्याऐंशी."

"मग गुडघेही दाढेनेच गेले असतील!"

दोघेही हसले. पण मालकाने सुई उजेडाकडे धरली, पहिल्याच झटक्यात दोरा ओवला आणि म्हणाला, "डोळ्यांशी खेळ नको."

पंधरा दिवसांत माझी नस मेली. दुखणं ही माझी एकच बोली होती, तीही गेली. मालक खूश. "बघ, आपोआप बरी झाली!"

"एकदा दाखवून तरी या."

"काय दाखवू? दुखत नाही ते?"

मी आत कुजत होते. मुळांशी पू साठला, हाडातून वर सरकला. ओरडायला नस नव्हती. एका सकाळी गाल सुजला. त्याने शेक घेतला. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि उजवी पापणी फुगून मिटली. बायकोने त्याचा डावा डोळा तळहाताने झाकला, उजवी पापणी बोटांनी उघडली.

"मी दिसते का?"

"आधी दिवा तर लाव," तो म्हणाला.

दुपारचे बारा वाजले होते.

मोठ्या इस्पितळात पू काढला आणि मलाही काढलं. जीव वाचला. डोळा नाही वाचला.

बायकोने मला मागून घेतलं. आता मी दुकानाच्या खणात, कापसात पडून असते. मालक रफू करत नाही, बटणं लावतो. दोरा सुईच्या शेजारून जातो.

काल इस्त्रीवाल्याची सून गाल धरून पायरीवर बसली.

"काका, वरचीच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात लगेच या. जाऊ का?"

"माझ्याकडे बघतेस ना?" मालक म्हणाला. "दाढ काढली आणि डोळा गेला."

"अहो, आधी डोळा..." बायको मध्येच म्हणाली.

"तू गप्प बस."

ती गप्प बसली. का, ते मला कळतं. खरं बोललं, तर तो डोळा त्याने स्वतःच घालवला असं होतं. ते त्याला सोसलं नसतं.

सून उठली. "राहू दे मग. तसंही आज जरा कमीच दुखतंय."

पोरी, कमी दुखतंय म्हणून तर आजच जा. त्याचा डोळा आधी मिटला, मला नंतर काढलं. पण हे तुला सांगू कशी? मला आता तोंडच उरलं नाही.