कोरड्यावर पडलेलं जाळं

या, जवळ सरका. तिकडं चपलांपाशी कशाला बसता, पुढं सतरंजी मोकळी आहे. टाळ खाली ठेवा, मृदंगावर कापड टाका. देवाचं नाव घेऊन झालं, आता एका माणसाची गोष्ट ऐका. गोष्ट त्याच्या जाळ्याची आहे. ते जाळं साऱ्या जगानं पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेलं.

एकोडीच्या पुढं एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती. गावाला मोठा तलाव आहे, आणि तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची, घरं. शेवटचं घर बुधरामचं. घरात तो आणि त्याची बायको सखाबाई. एकुलती पोरगी नंदिनी कोंढ्याला दिलेली.

त्या पाळीवरच्या घरांची एक रीत होती. पाण्यात पाऊल टाकलं की ढिवर आधी वाकतो, तळव्यानं पाणी घेऊन जाळ्यावर शिंपडतो, ओला हात कपाळाला लावतो आणि मगच जाळं सोडतो. कोरड्या जमिनीवर जाळं एकदाच पडतं, ते धनी गेल्यावर. भावकीतला कुणी त्याचं जाळं पाळीवर नेऊन कोरड्यात फेकतो, जमलेली माणसं गेलेल्याचं नाव एकदा मोठ्यानं घेतात, आणि त्या जाळ्याला पुन्हा कधी पाणी लागत नाही. सखाबाईनं सासऱ्याचं जाळं तसं पडताना पाहिलं होतं. जाळ्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या मुरमावर आपटतात तो आवाज ज्यानं ऐकला, त्याला तो मरेपर्यंत पुरतो.

तर एका सकाळी भूपेश आला. बुधरामचा पुतण्या. साकोलीला त्याचं लोककला मंडळ. कुठं मंत्री आला, कुठं महोत्सव असला की नाचणारे-वाजवणारे हाच पाठवायचा.

"काका, जगातल्या सगळ्या देशायचे खेळाडू येऊन राहिले आपल्या देशात. मोठी स्पर्धा. उद्घाटनात तलावाचा नाच आहे. नाचाले कॉलेजचे पोट्टे आहेत, पण मधात एक खरा ढिवर पायजे. खरं जाळं फेकणारा."

बुधराम हसला. "मंग माह्यासारखा बुढा कायले गा? जवान पाय ना एखादा."

"जवानायचं जाळं गोल पडत नाई, काका. तुमचं पडते."

हे खरं होतं, आणि बुधरामला ते खरं आहे हे ठाऊकही होतं. त्याची मान जरा ताठ झाली. सखाबाईनं चुलीपाशी बसून ती ताठ होताना पाहिली.

"पाणी असन का रे तेथी?" तिनं विचारलं.

"पाणी? काकू, मैदानाच्या मधात तलाव बनवून राहिले, तलाव!"

"खराखुरा?"

"आपल्या तलावाले लाज वाटन असा."

भूपेश गेल्यावर ती नवऱ्यापुढं येऊन बसली. "अजी, एक आयका. पाण्याले हात लागल्याबिगर जाळं सोडू नोका."

"मी का पागल आहो? हात लागन, ओला होईन, मंग सोडीन."

"माही शप्पथ घ्या."

"तुही शप्पथ, बाप्पा. आता भाकर वाढ."

तो गेला. तिकडून एकदा फोन आला. राहायला गादी आहे, जेवायला डाळ गोड करतात, तालमीत जाळं नसतंच, नुसते हात फिरवायचे, पाणी त्या दिवशीच सोडणार म्हणतात. सखाबाईनं पुन्हा विचारलं, "सोडणार ना पण?" तो म्हणाला, "हाव व, किती येळा इचारतेस."

उद्घाटनाच्या दिवशी गावात सप्ताह सुरू होता. भैयाजी महाराजांचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं. काय गळा त्यांचा! चाल धरली की म्हातारी माणसं गुडघेदुखी विसरून उभी राहायची. पण त्या संध्याकाळी त्यांनी उत्तररंग आटोपता घेतला आणि हसून म्हणाले, "आज देवानंच सुट्टी मागितली. त्यालेही आपल्या बुधरामले पाहाचं आहे." मंडप हसला. घटकेपूर्वी जिथं विणेकरी उभा होता तिथं पांढरा पडदा लागला. देवाकडं पाठ होणार नाही अशी जागा शोधत सखाबाई बायकांत बसली. शेजारी पार्वताबाई, पान चघळत.

आणि पडदा उजळला. काय सांगू तो थाट! आधी आकाशातून रंग सांडले. मग ढोल, जिकडं पाहावं तिकडं ढोल. मग देशोदेशीचे खेळाडू निघाले, कुणी कोटात, कुणी पायघोळ झग्यात, हात हलवत, आपलेच फोटो आपणच काढत. एका इवल्या देशाची एकच पोरगी होती, झेंडाही तिच्याच हातात.

"एकटीच आली व माय," पार्वताबाई कळवळली. "घरचं कोणी तरी सोबत द्याव."

"आणि एवढ्या लोकायले जेवाले वाढत कोण असन?" मागून कुणीतरी म्हणालं.

"तुही सासू पाठव तिकडं, सगळ्यायचं उष्टंही पुरवून ठेवन."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सखाबाईही हसली. तिचं शेवटचं हसू होतं ते, त्या संध्याकाळचं.

मैदान निळं झालं. बघता बघता तिथं तलाव झाला. लाटा येत होत्या, काठाला लागून फुटत होत्या, खालून चांदीसारखे मासे सळसळत जात होते. मंडपातून एकच उद्गार निघाला. सखाबाईचा जीव भांड्यात पडला. पोरगा खोटं नाही बोलला, तिला वाटलं, आहे पाणी.

मग नाचणारी पोरं धावत आली. लाटांवरून धावत आली. आणि सखाबाईनं पाहिलं की त्यांच्या पायांनी पाणी उडालं नाही. पोटऱ्यांवर एक थेंब नाही. जन्म तलावावर काढलेली बाई. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पोरांच्या मधोमध बुधराम उभा होता. जरीचं धोतर, चकाकणारा फेटा, गालांना काहीतरी रंग. तिनं ओळखलं ते डाव्या खांद्यावरून, जाळं पेलून पेलून जो खाली झुकलेला होता. तो वाकला. हात खाली नेला. मासे त्याच्या बोटांखालून गेले. हात तळाला टेकला आणि तिथंच थांबला.

त्यानं तळवा वर करून पाहिला.

"निघा तिथून," सखाबाई पुटपुटली. "अजी, निघा."

"का म्हनतेस व?" पार्वताबाईनं विचारलं.

बुधरामनं मान वर केली. चहूकडं माणसांचा डोंगर होता, डोंगरभर दिवे लुकलुकत होते, आणि सगळे त्याच्याकडं पाहत होते. सखाबाईनं त्याचा तो चेहरा एकदाच पाहिला होता, लग्नाच्या मांडवात, अंतरपाट बाजूला झाला तेव्हा. त्यानं कोरडा हात कपाळाला लावला. कंबर वळली, खांदा फिरला, आणि जाळं सुटलं.

असं जाळं त्यानं उभ्या आयुष्यात टाकलं नव्हतं. पुनवेच्या चांदासारखं गोल उघडलं, क्षणभर हवेत तरंगलं आणि पडलं. पाण्यात गोळ्या बुडतात. या उडाल्या. त्याच वेळी वर आकाशात दिव्यांचा एक भला मोठा मासा उमटला, आणि मंडपातले सगळे डोळे त्या माशाकडं गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. भैयाजी महाराजांनीही टाळी वाजवली, हातातले टाळ घेऊन वाजवली. गोळ्या फक्त एका बाईनं पाहिल्या.

पदरातला फोन थरथरला. कोंढ्याहून नंदिनी. ती रडत होती.

"माय, बाबानं... माय, ते पाणी होतं ना व?"

म्हणजे गोळ्या उडताना दोन बायकांनी पाहिल्या तर.

"पाणी होतं," सखाबाई म्हणाली. "तुले टीव्हीत नाई दिसलं. ठेव आता, इथी लय आवाज आहे."

बुधराम परत आला तेव्हा सप्ताह संपायचा होता. मंडपातच सत्कार झाला. हार, नारळ, शाल. तो खाली मान घालून उभा होता आणि भूपेश माईकवर बोलत होता. खुशीत होता पोरगा, कीर्तनाच्या मंडपात पहिल्यांदाच त्याच्या हाती माईक आला होता.

"तुम्हाले सगळ्यायले वाटलं असन, पाणी आहे! हाय का नाई? अन् थेंब नव्हता! खाली नुसत्या फळ्या, वरतून लाईट! माहे काका चक्क कोरड्यावर जाळं फेकून राहिले होते, अन् जगाले समजलं नाई!"

मंडपाचा अर्धा भाग हसला, टाळ्या वाजल्या. उरलेल्या अर्ध्यात पाळीकडची माणसं बसली होती, त्यांनी हात उचलले नाहीत. एक म्हातारा उठला, चप्पल शोधू लागला. भूपेशला अजूनही काही उमगलं नव्हतं. शहरात राहून राहून रीत त्याच्या डोक्यातून पुसून गेली होती.

घरी आल्यावर बुधरामनं हार खुंटीला अडकवला. मग तोच म्हणाला, "पाणीच दिसलं व मले. हात लागला. ओला झाला वाटला."

सखाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तळवा वर करून बघणारा तो हात तिच्यापुढंच होता, मांडीवर पालथा पडलेला. शप्पथ तिची होती. विचारायचा हक्कही तिचाच.

"हाव," ती म्हणाली. "असाच दिसे. मलेही पाणीच दिसलं."

आणि तिनं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पाळीवर गेला. डोंगे निघत होते. "काका, तुम्ही कायले येता," कुणी म्हणालं, "आता मोठे मानूस झाले, आराम करा ना." दुसऱ्या डोंग्यात जागा नव्हती. तिसऱ्यातला चुलतभाऊ खालीच पाहत राहिला आणि वल्हं मारून गेला. शिवी नाही, टोमणा नाही. परक्यानं पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, किती मान देतात या बुढ्याला.

जाळं भिंतीला टांगलं ते टांगलंच. गावाच्या वेशीवर मात्र भूपेशनं मोठा फलक लावला आहे, 'गावाचा गौरव'. त्यावर बुधराम, जरीच्या धोतरात, आणि डोक्यावर ते उघडलेलं जाळं, अजून पडायचं असलेलं. सखाबाई बाजाराला जाते तेव्हा त्याच्याखालून जाते. वर पाहत नाही.

पुढल्या सप्ताहात भैयाजी महाराजांनी मृगजळाचा दृष्टांत दिला. फार गोड दिला, मी तिथंच होतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. जे पाणी दिसतं ते पाणी नसतं, माणूस त्यामागं धावतो. आणि मंडपातल्या माना वळल्या. बुधराम खांबाला टेकून टाळ धरत होता. त्याचा ताल चुकला नाही. नुसते टाळ वाजेनासे झाले. हात हलत राहिले.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. एवढंच मागणं आहे. साकोलीकडं कधी गेलात आणि रस्त्याच्या कडेला तलाव दिसला, तर घटकाभर थांबा. पाळीवर उभं राहून त्याचं नाव घेऊ नका, तसं मेलेल्याचं घेतात. खाली उतरा. पाण्याला हात लावा. हात ओला झाला आहे ना ते नीट बघा, आणि मग म्हणा, बुधराम.