हळबेसाहेब पिंजऱ्यात

धोंडिराम शिरसाटनं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, पेनाच्या टोकानं टेबलावर टकटक केलं आणि मान तिरकी करून समोरच्या पिंजऱ्याकडे पाहिलं.

"बोल बाई. काय केलंस म्हणून मारलं त्यानं?"

पिंजरा म्हणजे शाळेचे दोन बाक आडवे लावलेले. त्यात उभे होते मॅजिस्ट्रेट मधुकर हळबे. त्यांच्या कोटाच्या खिशाला टाचणीनं एक कागद लावला होता आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'फिर्यादी पत्नी'.

"मी काही केलं नाही," हळबे म्हणाले.

"काही केल्याशिवाय कोण मारतं? मीठ जास्त पडलं असेल. उलट बोलली असशील. अगं, भांड्याला भांडं लागायचंच. नवरा नांदवायला तयार आहे, आणखी काय पाहिजे तुला?"

पार्ल्यातल्या त्या शाळेच्या हॉलात हशा पिकला. शनिवार दुपारची वेळ, बाहेर शाळा सुटलेली, आणि आत उपनगरांतल्या कोर्टांमधले मॅजिस्ट्रेट आणि कारकून एकत्र बसलेले. नवऱ्यानं बायकोला छळणं हा गुन्हा आहे असं कायद्यात नव्यानं लिहिलं गेलं त्याला तीनेक वर्षं झाली होती. पण कायद्याच्या पुस्तकात लिहिलं म्हणजे कोर्टाच्या तोंडी बसलं असं थोडंच होतं? म्हणून हे शिबिर. ते भरवण्यासाठी क्षमा रेगेनं वर्षभर चपला झिजवल्या होत्या. कोर्टात घडतं तसं नाटक करून बघायचं ही कल्पनाही तिचीच. आणि कोणी काय व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे कुणाचा मान दुखावायला नको, ही आणखी मोठी अक्कलही तिचीच.

हशा थांबेना. शिरसाट रंगात आला होता. मध्येच घड्याळाकडे पाहणं काय, कानाची पाळी चोळणं काय, 'चला, घ्या मिटवून' म्हणताना हाताचा पंजा हवेत ढकलणं काय. तो पुन:पुन्हा तेच विचारत होता, "काय केलंस ते सांग." हळब्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दिवसभर दुसऱ्यांना बोलतं करणाऱ्या त्या माणसाला एक वाक्य सुचेना. मग त्यांनी टाचणी काढली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि चहालाही न थांबता ते हॉलाबाहेर गेले.

"छान करतो हो तो माणूस," क्षमा टाळ्या वाजवत शेजारच्या नलिनीताईंना म्हणाली. नलिनीताई क्षमाच्या महिला संस्थेच्या वकील. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"छान करणारच. हळब्यांचा शिरस्तेदार आहे तो. वर्षानुवर्षं त्यांच्याच पायाशी बसतोय. नक्कल कुणाची करत होता, कळलं नाही तुला?"

क्षमाच्या हातातली टाळी हातातच राहिली.

"आणि मंगळवारी शेवंतीची तारीख कुणापुढे आहे, आठवतंय ना?" नलिनीताई म्हणाल्या.

आठवत कसं नव्हतं? शेवंती घाडीसाठीच तर क्षमाचा जीव टांगणीला लागला होता. शेवंतीनं पोटगीचा अर्ज करण्याची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांना ती एकटी गेली होती आणि दोन्ही वेळा हळब्यांनी तिला 'काय केलंस' म्हणून विचारलं होतं. नवरा शेजारी उभा असताना तिला सांगता आलं नाही, आणि तडजोड झाली म्हणून तिला त्याच्याबरोबर धाडण्यात आलं. दुसऱ्या तडजोडीनंतर तिचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. तशीच ती पाच वर्षांच्या मालनला घेऊन सांताक्रूझला भावाच्या खोलीवर आली आणि तिथल्या कुणीतरी तिला संस्थेत आणलं. आता तिसऱ्यांदा परत पाठवलं तर पुढे काय, हे क्षमानं मनातसुद्धा कधी पुरतं उच्चारलं नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाण्यात राहून माशाशी वैर, आणि तेही तारखेच्या तोंडावर. रविवारभर क्षमानं स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. सोमवारी ती सांताक्रूझला गेली, तर शेवंती भाकऱ्या थापत होती. शनिवारचं काही तिला सांगणं क्षमाच्या जिवावर आलं. तिनं फक्त उत्तराची उजळणी घेतली.

"साहेबांनी विचारलं, काय केलंस, तर काय सांगशील?"

"सांगेन, मी काय पण केलेला असू दे, मारायचा हक्क त्याला नाय." शेवंतीनं तव्यावरची भाकरी उलटली. "पण ताई, तो बाजूला उभा राहून खाकरतो ना, तेव्हा सगळा विसरायला होतं."

"घाबरू नकोस. यावेळी आम्ही आहोत."

"नाय घाबरत," शेवंती म्हणाली.

मंगळवारी कोर्टात नेहमीचीच गर्दी होती. हळब्यांच्या कोर्टाची एक रीत सगळ्यांना ठाऊक होती. नवराबायकोचं मिटलं की नवऱ्यानं समोरच्या दुकानातून पेढे आणायचे आणि कारकुनापासून पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांनी तोंड गोड करायचं. शेवंतीचा नवरा लवू घाडी आला तोच पेढ्यांचा पुडा काखेत मारून. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, चेहऱ्यावर सत्यनारायणाला आल्यासारखा भाव. शेवंती क्षमाला चिकटून बाकावर बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. उत्तर पाठ करत होती.

हळबे येऊन बसले. त्यांनी क्षमाकडे एकदाही पाहिलं नाही. खाली शिरसाट कागदांत असं डोकं घालून बसला होता की त्याचं नाक शाईला लागेल. क्षमाला त्याचीही दया आली. बिचाऱ्याची नोकरी आपल्या चिठ्ठ्यांनी खाल्ली, असं तिला वाटलं.

पट्टेवाल्यानं पुकारा केला. दोघं पुढे गेली आणि लवू सवयीनं शेवंतीच्या अगदी शेजारी जाऊन उभा राहिला. खाकरला.

"माझा अशील बायकोला नांदवायला तयार आहे, साहेब," त्याचे वकील म्हणाले. "आपण मागेही मिटवून दिलं होतं. आजही आपल्या शब्दाबाहेर तो नाही."

"हं," हळबे म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर आला होता. त्यांनी शेवंतीकडे मान तिरकी केली. "बोल बाई. काय के—"

एवढ्यावर ते थांबले.

कोर्टात कुणाच्या लक्षातही आलं नसेल, पण क्षमाला तो क्षण जाता जाईना. हळब्यांनी खाली शिरसाटच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं. मग बोटानं चष्मा वर सरकवला आणि शेवंतीवरची नजर काढून घेतली.

"बाई, तुम्ही मागे जाऊन बसा," ते म्हणाले. "घाडी, तुम्ही पिंजऱ्यात या. शपथ द्या यांना."

लवू गोंधळला. त्यानं पेढ्यांचा पुडा वकिलांच्या हातात दिला, पिंजऱ्यात गेला आणि शपथ घेतली.

"तुम्ही बायकोला मारलंत का?"

वकील लगबगीनं उठले. "साहेब, त्याचं असं झालं की ती सारखी भावाकडे—"

"कारण मी विचारलेलं नाही. मारलं का, एवढंच विचारलंय. बसा तुम्ही."

लवूच्या चेहऱ्यावरचा गोंधळ गेला. प्रश्न अगदीच सोपा निघाला होता. का मारलं याची त्यानं चांगली पाचसहा उत्तरं घोकून आणली होती, पण मारलं का असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे त्याचं उत्तर कुणी शिकवलंही नव्हतं.

"आता साहेब, घर म्हटल्यावर एवढातेवढा होताच," तो मोकळेपणानं म्हणाला. "मी काय रोज मारत नाय. दारूबिरू पण पीत नाय. वळण लागायला हवा ना, तेवढ्यापुरता."

"शेवटचं केव्हा?"

"गणपतीत."

"कशानं?"

"हातानच, साहेब." तो थोडा थांबला. शपथ घेतली होती, आणि मनात काही खोट आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "पट्टा एकदाच. तेव्हा हात वाकडा पडला तिचा."

वकिलांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या हातात पेढे होते.

हळबे टायपिस्टला एकेक शब्द सावकाश सांगू लागले. टायपिंगच्या खडखडाटात क्षमाला अर्धंच ऐकू आलं. नवऱ्यानं मारल्याचं शपथेवर मान्य केलं आहे. त्याच्या घरी न नांदण्याला बाईकडे पुरेसं कारण आहे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत बाईनं आणि मुलीनं भावाकडेच राहावं आणि नवऱ्यानं दरमहा पोटगी कोर्टात भरावी. मग पुढची तारीख, आणि पुढचा पुकारा.

क्षमाचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिनं येऊ दिलं. शेवंती मात्र तशीच बसून होती. पाठ केलेलं उत्तर अजून तिच्या तोंडात होतं आणि ते तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"काय झाला, ताई?" तिनं हळूच विचारलं.

"जायचं नाही. परत जायचं नाही तुला."

"म्हणजे आज नाय?"

"आज नाही आणि त्याच्या मर्जीनं कधीच नाही."

शेवंतीनं मान हलवली. मग नलिनीताईंकडे वळून तिनं तोच प्रश्न त्यांनाही विचारला.

नलिनीताई शेवंतीला घेऊन खाली गेल्या. हुकमाची नक्कल कधी मिळेल ते विचारायला क्षमा मागे राहिली. तेवढ्यात फायली छातीशी धरून शिरसाट बाहेर आला.

"शिरसाट, माझं चुकलं हो," क्षमा म्हणाली. "मला ठाऊक असतं तर मी चिठ्ठी बदलली असती. काही त्रास झाला का तुम्हाला?"

शिरसाटनं मागे वळून दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं.

"काल सकाळी चेंबरमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. म्हटलं, वाट लागली आपली, गेली नोकरी."

"मग?"

"मग म्हणाले, शिरसाट, मी खरंच तसा बोलतो का रे?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार?" शिरसाट म्हणाला. "म्हटलं, साहेब, हॉलात बायका होत्या, म्हणून थोडं कमी केलं मी."

क्षमाला इतकं हसू आलं की पट्टेवाल्यानं 'शू' केलं. तशीच तोंडावर पदर धरून ती जिना उतरली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली होती. शेवंतीला घेऊन आधी कुठेतरी मिसळ खायची, मग बाकीचं, असं तिनं ठरवून टाकलं.

खाली नलिनीताई दुसऱ्या एका अशिलाशी बोलत होत्या. शेवंती रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीशी होती. टपरीवाल्यानं फळीखालून एक भरलेली कापडी पिशवी काढून तिच्या हातात दिली. पिशवी चांगलीच जड दिसत होती.

"ही कुणाची गं?" क्षमानं विचारलं.

"माझीच." शेवंती ओशाळली. "सकाळीच ठेवलेली. मागे दोन्ही वेळेला इथूनच परस्पर त्याच्याबरोबर जावा लागला ना, नेसत्या लुगड्यानिशी. म्हणून यावेळी भरूनच आणली. मालनला संध्याकाळी भाऊ पोचवणार होता."

कालच तिनं 'आम्ही आहोत' म्हणून सांगितलं होतं, आणि शेवंतीनं होकार भरला होता.

"रागावू नका, ताई. तुमच्यावर भरवसा होता. पण घर त्याचा आहे, ते मला ठाऊक ना."

तिनं पिशवीत हात घातला. दोन लुगडी होती, मालनचे फ्रॉक होते. त्यांच्या तळाशी तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं ते तिनं वर काढलं आणि कागद जरासा उलगडून दाखवला. आत दाराला लावायची लोखंडी कडी होती. चांगली वीतभर लांब, जाडजूड, सोबत स्क्रूची पुडी.

"आतल्या खोलीला आतून कडीच नाय तिकडे," शेवंती म्हणाली. "म्हटलं, गेल्याबरोबर आधी ही ठोकायची. मालनला घेऊन रात्रीची आत बसता आला असता."

क्षमानं कडीवर हात ठेवला. ती गार होती.

शेवंतीनं कागद पुन्हा नीट गुंडाळला, पूर्वीच्याच घड्यांवर, आणि रस्त्याच्या टोकाच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे पाहिलं. आता कुठे तिचा चेहरा सैल झाला होता.

"ताई, परत घेतील ना हो ते?" तिनं विचारलं. "वापरलेली नाय."