इजिप्तहून नवगावपर्यंत

यंदाचा पेसाह, म्हणजे आमचा वल्हांडण सण, माझ्या पप्पांचा शेवटचा, हे आमच्या घरात माझी लेक उर्वी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. केमो बंद केली होती. त्यांना एकच हवं होतं. इजिप्तच्या गुलामीतून आपण कसे सुटलो, ती गोष्ट नातीला स्वतःच्या तोंडाने सांगायची, म्हणजे पुढे ती तिच्याकडे राहील.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. मेलबर्नच्या टार्निट उपनगरात आमच्यातलं हे एकच घर. नवरा, सलिल, अख्खं मेलबर्न ओलांडून बिनखमिराची भाकरी घेऊन आला. मी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून सणाचं शरबत केलं. युनीत मी पुरातत्त्व शिकवते. बाळ कडेवर असलं की हात मोकळे नसतात, म्हणून लेक्चरची तयारी स्वयंपाक करता करता मोठ्याने बोलूनच होते. उर्वी तिथेच चित्र काढत बसली होती. ती ऐकतेय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दिवेलागणीनंतर पप्पा उशीला टेकून बसले. रीतीप्रमाणे घरातल्या लहानाने विचारायचं, आजची रात्र वेगळी का. उर्वीने विचारलं.

"कारण आपण फारोचे गुलाम होतो," पप्पा म्हणाले, "आणि परमेश्वराने आपल्याला तिथून..."

"बट आजोबा, ममा सेड दे डिडन्ट कम फ्रॉम देअर. सेम पॉट्स."

"उर्वी, शरबत पी," सलिल म्हणाला.

"सेम पॉट्स म्हणजे काय गं?" पप्पांनी मला विचारलं. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस; उडवाउडवी त्यांच्यापुढे चालत नाही.

"इस्राएलच्या डोंगरातल्या आपल्या त्या पहिल्या गावांतली मडकी खालच्या कनानी, म्हणजे तिथल्याच मूळच्या लोकांच्या, गावांसारखीच निघतात, पप्पा. आणि वाळवंटातून एवढे लोक गेल्याची खूण सापडत नाही. थोडे आले असतील, असंही म्हणतात."

"म्हणजे शेजारचेच."

"बहुतेक."

"डुक्कर तरी खात नव्हते ना?"

"डुकराची हाडं फारशी मिळत नाहीत."

"चला, तेवढं तरी पाळलं." ते हसले. मला वाटलं, निभावलं.

मग बराच वेळ ते हातातल्या भाकरीचे तुकडे करत राहिले. "आणि आपलं कोकणातलं नवगाव? जहाज फुटलं, सात पुरुष, सात बायका किनाऱ्याला लागल्या, आपण त्यांचे. ते तरी?"

"ते खरंय, पप्पा."

"खोदून काढलंय, की मला बरं वाटावं म्हणून?"

बाळ रडायला लागलं. मी त्याला थोपटत राहिले. पप्पांकडे बघायचं टाळलं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी सणाची पोथी सलिलपुढे सरकवली. "तू वाच रे. मला दम लागतो."

सलिलचं बालपण गणपती-गौरीत गेलेलं. तो अडखळत वाचू लागला. उर्वी आजोबांच्या मांडीवर चढली. "नो, यू टेल. मग काय झालं?"

पप्पांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"ममाला विचार हं, बाळा. तिला माहितीये."