काट्याला बसू दिले

मी संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. दुधाच्या पिशवीवर उद्याची तारीख असली तरी मी वास घेऊन बघते. दाराला कुलूप लावून दोन मजले उतरले की परत वर जाऊन ते ओढून बघते. माझी भाची म्हणते, "मावशी, तू देवालासुद्धा ओळखपत्र मागशील." मागेनच. एकतीस वर्षं तराजू तपासण्यात गेली आहेत माझी. असल्या कामात भोळं राहून भागत नाही.

आमच्या कारखान्यात औषधांच्या दुकानांचे, सोनारांचे आणि प्रयोगशाळांचे तराजू बनतात, आणि बिघडले की दुरुस्तीला परत येतात. तपासणीची खोली माझी. दोन खिडक्या, दोन्ही बाराही महिने बंद, कारण वाऱ्याच्या झुळकेनेसुद्धा काटा हलतो. नवशिका माणूस एका पारड्यात वस्तू ठेवतो, दुसऱ्यात वजन, आणि काटा मध्यावर आला की "झालं" म्हणतो. झालेलं काही नसतं. आता वस्तू तिकडे ठेवायची, वजन इकडे, आणि पुन्हा बघायचं. दांडीची एक बाजू केसभर लांब असेल तर ती पहिल्या खेपेला गुपचूप बसते आणि दुसऱ्या खेपेला पकडली जाते. याला आम्ही पारडी बदलणं म्हणतो. खोलीच्या भिंतीवर माझ्या अक्षरात दोन नियम लावलेले आहेत. पहिला, पारडी बदलल्याशिवाय सही करू नये. दुसरा, ज्याने पहिला आकडा पाहिला त्याने दुसरं वाचन घेऊ नये, कारण डोळा पाहिलेल्या आकड्याकडेच ओढ घेतो.

या उन्हाळ्यात मी निवृत्त होणार होते आणि माझ्या खुर्चीवर बसायला दोघं उमेदवार होते. एक माझी भाची. दुसरा टायवाला. तो टाय फक्त पहिल्या दिवशी घालून आला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. भाची चार वर्षं माझ्या हाताखाली होतीच, त्याला तीन महिन्यांपूर्वी कामाला ठेवलं होतं. टायवाला मोठ्या कॉलेजातून आला होता. आमच्या शहरात कॉलेजं पुष्कळ आहेत, पण नुसतं "मोठं कॉलेज" म्हटलं की सगळ्यांना एकच फाटक आठवतं.

त्या फाटकावरून मी रोज कामाला जाते, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला राग आहे. अठरा वर्षांची असताना मी तिथे अर्ज केला होता. दोन ओळींचं पत्र आलं, तेही छापील. पुढे मी तराजूत रुळले आणि तिथले हुशार साहेब आमच्याकडे येऊन पारडी न बदलता सह्या करताना डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून त्या कॉलेजचं नाव ऐकलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

आणि आणखी एक गोष्ट आहे, जी मी कारखान्यात कुणाला सांगितलेली नाही. चार वर्षांपूर्वी भाचीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पत्र हातात घेऊन ती नाचत माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, "काय ठेवलंय तिथे? भिंती आणि मिजास. संध्याकाळच्या कॉलेजात जा, दिवसा माझ्याजवळ शीक. चार वर्षांनी ही खोली तुझी." माझी बहीण कुरकुरली, पण पोरीने माझं ऐकलं. त्यामुळे ही खुर्ची तिला मिळणं म्हणजे नुसती नोकरी नव्हती. मी तिला दिलेला शब्द होता तो.

म्हणून मी डोळ्यांत तेल घालून टायवाल्यावर पाळत ठेवली. तो फार नम्र होता, हे पहिलं खटकलं. "मॅडम, हे मला माहीत नाही," असं दिवसातून पाच वेळा म्हणायचा. ज्याला काही लपवायचं नसतं तो इतक्या वेळा असं म्हणतो का? घरून स्वतःचं मऊ फडकं आणायचा. कशाला? आमची फडकी काय वाईट आहेत? मी त्याला लागेल तेवढं सांगायची आणि पुढचं पोटात ठेवायची. खुब्या असतात कामात. त्या मी भाचीला दिल्या होत्या, वाटेवरच्या माणसाला नाही.

मालकीणबाईंवर तर माझा दुप्पट संशय. मी तिला अगं-तुगं करते, कारण ती वडिलांबरोबर कारखान्यात यायची तेव्हा मीच तिच्या वेण्या परत घालून दिल्या आहेत. पण तीही मोठ्या कॉलेजचीच. टायवाला तिच्या केबिनमध्ये गेला की काचेतून दोघं हसताना दिसायची. तिथल्या कुठल्याशा चक्रम प्राध्यापकाची गोष्ट असायची म्हणे.

एक दिवस मी तोंडावर विचारलं. "कॉलेजचं नाव बघून तू त्याला घेणार, हो ना?"

"आणि तुम्ही नातं बघून तिला," ती म्हणाली. "ताई, मग असं करू. दोघांना एकच बिघडलेला तराजू देऊ. दोघांनी तपासून अहवाल लिहायचा. तुम्ही पन्नासातून गुण द्या, मी पन्नासातून देते. बेरीज ज्याची जास्त त्याची खोली. नंतर कुरकुर नाही."

"कुरकुर नाही," मी म्हटलं, आणि आम्ही कागदावर तसं लिहून दोघींनी सह्या केल्या.

गुरुवारी दुपारी अहवाल माझ्या टेबलावर आले. दोन्ही छापलेले, टाचलेले, वर पहिल्या पानावर उमेदवाराची माहिती. आमच्याकडे अहवालात "मी" लिहायचं नाही, हासुद्धा माझाच दंडक. यंत्राबद्दल लिहा, स्वतःबद्दल नको. त्यामुळे दोन्ही अहवाल सारखेच दिसत होते. फरक एवढाच की एकावर मोठ्या कॉलेजचं नाव ठळक अक्षरात होतं.

तोच आधी घेतला. लाल पेन उघडलं.

"वजने कपाटातून काढून दहा मिनिटे पेटीत ठेवली." मी समासात लिहिलं, कॉलेजात वेळ फुकट मिळतो वाटतं. "पारडी तीन वेळा बदलली." लिहिलं, एकदा पुरे, अक्कल दाखवण्याचा सोस. मग पुढची ओळ आली. "झाकण लावून काट्याला बसू दिले, त्यानंतर पहिले वाचन."

हे वाचून मी थांबले. काटा हलायचा थांबेपर्यंत वाट बघायची, त्याला 'बसू देणं' म्हणायचं, हे आमचं, म्हणजे माझं बोलणं. पुस्तकात असं नसतं. म्हणजे हा पठ्ठ्या कान देऊन ऐकत होता आणि आता मला खूश करायला माझेच शब्द माझ्या पुढ्यात टाकत होता. मला तो प्रकार इतका लबाड वाटला की ओळीखाली दोन रेघा मारल्या आणि लिहिलं, उसनी भाषा. बिघाड बरोबर ओळखला होता, दांडीची डावी बाजू लांब. ते नाकारता येईना. पन्नासपैकी एकतीस दिले.

दुसरा अहवाल आटोपशीर होता. वजनं ठेवली, वाचन घेतलं, पारडी एकदा बदलली, बिघाड सापडला. थांबल्याचा उल्लेख नव्हता. थांबली असेलच, मी मनात म्हटलं, पोरगी लिहायला विसरली. सेहेचाळीस. खाली लिहिलं, शाब्बास पोरी.

शुक्रवारी सकाळी मालकीणबाईंच्या केबिनमध्ये गेले. माझे आकडे सांगताना आवाज जरा चढलाच असेल. तिने ते कागदावर उतरवले, मग दोन्ही अहवालांच्या टाचण्या काढल्या, पहिली पानं उचलली, आणि याचं त्यावर, त्याचं यावर ठेवलं.

"हे काय करतेस?"

"पारडी बदलली, ताई. तुम्हीच शिकवलंय."

मला कळायला वेळ लागला. अहवाल माझ्याकडे येण्याआधीच तिने पहिली पानं बदलली होती, हे कळलं आणि कानशिलं तापली. एकतीस भाचीचे होते.

"ही फसवणूक आहे," मी म्हणाले.

"आहे," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला देण्याआधी स्वतः वाचले, खऱ्या नावांनिशी. त्याला बेचाळीस दिले, तिला अडतीस. रात्रभर विचार करत होते, हे चार गुण कामाचे की कॉलेजचे. मला सांगता येईना. माझं मला तपासता येत नव्हतं, कारण आकडे मी पाहिले होते. म्हणून वाटलं, निदान तुमची दांडी सरळ आहे का बघावी. सरळ निघाली असती तर तुमच्या आकड्यांवरच खोली दिली असती, माझे फाडून टाकले असते."

"म्हणजे त्या नावामुळे तू चार वाढवलेस!"

"वाढवले असतील. त्याच नावामुळे तुम्ही पंधरा कापलेत."

मी एकतीस गुणांचा अहवाल ओढून घेतला आणि परत वाचला, या खेपेला भाचीचा म्हणून. दहा मिनिटं वजनं ठेवली, कारण ती कपाट असलेल्या गार खोलीतून आली होती. तीन वेळा पारडी बदलली, कारण दोन वाचनं जुळली तरी तिसरं घ्यायचं, हे मीच तिच्या कानीकपाळी ओरडले होते. एक ओळ अशी नव्हती की जी माझ्याकडून गेली नव्हती. इतकं चांगलं काम मी तिच्या वयात केलं नव्हतं.

"हा अहवाल वरचढ आहे," मी म्हटलं. "उत्तर दोघांचं एकच, पण हिचं काम पक्कं आहे. त्याचं नशिबाने जमलंय. मी शपथेवर सांगते."

मालकीणबाईने पेन खाली ठेवलं. तिला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"काल म्हणाला असतात तर मी डोळे मिटून मानलं असतं," ती म्हणाली. "आज तुम्हाला माहीत आहे कुणाचं कोणतं. आता तुम्ही कामाचं बोलताय की भाचीचं, मी कसं ओळखू? तुमच्याच भिंतीवरचा दुसरा नियम आहे."

होता. एकतीस वर्षं मी कुणाचं म्हणणं नुसतं तोंडी मानलं नव्हतं. आता एकदाच कुणीतरी माझं मानावं असं वाटत होतं, आणि ते मागायला मला तोंड नव्हतं. बेरीज झाली. त्याचे अठ्ठ्याऐंशी, तिचे एकोणसत्तर. कागदावर माझी सही होतीच.

आमच्याकडे तपासलेला अहवाल लिहिणाऱ्याला परत जातो, म्हणजे त्याला चुका कळतात. मी अडवायला धावले तोवर शिपाई देऊनसुद्धा आला होता.

आधी टायवाला आला. दारात उभा राहून त्याने कागद पुढे केला. "मॅडम, हे माझ्यासाठी नसावं." त्याच्या अहवालाखाली लिहिलं होतं, शाब्बास पोरी.

"गुण तुझेच आहेत," मी म्हणाले.

"मी वजनं काढल्या काढल्या वाचन घेतलं, मॅडम. थांबायचं असतं हे मला तिचा अहवाल वाचून कळलं, आत्ता. मला कुणी सांगितलं नव्हतं." तो जरा घुटमळला. "काट्याला बसू देणं म्हणजे नक्की किती वेळ? शिकवाल का?"

इतका खरेपणा कशासाठी, हे माझ्या मनात आलंच. सवय आहे. मी त्याच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का बघितलं, बराच वेळ बघितलं. काहीही सापडलं नाही. "तिला विचार," मी म्हटलं. "तिला माझ्यापेक्षा बरं येतं." तो गेला.

भाची तपासणीच्या टेबलाशी होती. समोर तराजू, शेजारी अहवाल उघडा, लाल शाईने भरलेला. पहिलं पान आता तिचंच होतं. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगितलं. पानं बदलली होती, मला वाटलं त्याचं आहे, मी त्याला कापत होते, तुला नाही. सांगतानाच मला ऐकू येत होतं की ही काही बाजू मांडण्यासारखी गोष्ट नाही.

तिने ऐकून घेतलं. "म्हणजे मी ते कॉलेज सोडलं नसतं," ती म्हणाली, "तर तू मला असंच लिहिलं असतंस."

मी अहवाल मिटायला हात पुढे केला. तिने तो तसाच उघडा ठेवला.

"ते पत्र परत पाठवलं त्याचं मला आजपर्यंत कधी वाईट वाटलं नव्हतं, मावशी."

तिने चिमट्याने वजन उचलून पारड्यात ठेवलं, काचेचं झाकण हलकेच लावलं, आणि हात मांडीवर घेऊन बसली. काटा डावी-उजवीकडे जात होता. मी ओळीखालच्या त्या दोन लाल रेघांकडे बघत होते, तर तिनेही तिकडे बघितलं.

"हे मात्र तू बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "उसनीच आहे भाषा. तुझ्याकडून घेतलेली."